गाठाळ लाकडाचा वाडगा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज पारितोषिकांचा दिवस आहे. गुणवंत मुलामुलींचे कौतुक झाले, ते यथायोग्यच झाले. सुतारकाम हा आपल्या ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय. म्हणून आम्ही एका लाकडाविषयी चार शब्द बोलणार आहोत.

झाडाच्या बुंध्यावर पुष्कळदा आवाळू आल्यासारखी गाठ दिसते. इजा, कीड अथवा रोग यांमुळे तेथे सुप्त अंकुर दाटतात व लाकडाचे तंतू वळणे घेत वाढतात. अशा लाकडाची सरळ फळी निघत नाही. रंधा मारू जावे तो तंतू उपटून येतात. म्हणून त्यास जळणाची किंमत. परंतु तेच लाकूड जाणत्या कातारीच्या हाती पडले, तर आतून भोवऱ्यांची अशी नक्षी प्रकट होते की, सरळ वाढलेल्या सागासही ती लाभत नाही. अक्रोडाच्या गाठींचे पातळ पापुद्रे तर उंची मोटारींच्या सजावटीस वापरतात.

मात्र दोष तितका गुण, असे समजणे हाही भ्रमच होय. प्रथम गाठ ठोकून पाहावी. आवाज फुटक्या मडक्यासारखा आला, किंवा चीर आरपार गेलेली दिसली, तर ते लाकूड लेथावर चढवू नये. फिरताना फुटून ते कारागिराच्या तोंडावर येते. वरवरची चीर, किडीचे भोक, आत अडकलेली साल हे दोष मात्र साध्य आहेत. लाखेत बारीक भुसा मिसळून तापल्या लोखंडाने ती पोकळी भरता येते.

ओल्या लाकडाचा वाडगा एका बैठकीत पुरा करू नये. दहा इंच व्यासाचा वाडगा असेल, तर प्रथम त्याची भिंत सुमारे एक इंच जाड ठेवावी आणि तो कागदात गुंडाळून काही महिने सावलीत ठेवावा. उन्हात घाई केल्यास तो तडकतो. वाळताना तो आक्रसतो, थोडा वाकडाही होतो. मग पुन्हा लेथावर चढवून त्यास अंतिम आकार द्यावा. वेग प्रारंभी मंद असावा, तोंडावर संरक्षक मुखवटा असावा. येथे तंतूंची दिशा पदोपदी बदलते, म्हणून पटाशीस वारंवार धार लावावी आणि हात हलका ठेवावा. जोर केला की कपची उडालीच!

पुढे जाड्या पॉलिशपेपरापासून क्रमाक्रमाने बारीकाकडे जावे. चन्नपट्टणचे कारागीर लाखेला झिलई देण्यास केवड्याचे पान वापरतात. आपल्या वाडग्यास कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात पुरेत. प्रत्येक हात पुरता सुकू द्यावा. तेलाची फडकी मात्र चुरगळून टाकू नयेत. ती आपोआप पेटतात. पसरून वाळवावीत.

बंधुभगिनींनो, आयुष्यभर वर्गात उभे राहून आम्ही पाहिले की, कित्येक मुलांच्या बुद्धीचे तंतूही असेच वळणाचे असतात. गणिताच्या तासास खाली मान घालणारा मुलगा मोडलेला बाक मात्र आपण होऊन नीट करतो. त्याची परीक्षा घेण्यास आमच्याजवळ प्रश्नपत्रिका नव्हती. आपल्या मंडळाची शिष्यवृत्तीही आज केवळ गुणपत्रिका पाहूनच दिली जाते. तेव्हा आमची नम्र सूचना अशी की, दरवर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या हस्तव्यवसाय शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखाव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणारे, किंवा 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात काम शिकणारे, असे विद्यार्थी आपल्या घराघरांत आहेत. त्यांना हत्यारांचा एक चांगला संच द्यावा आणि तो याच व्यासपीठावर, याच टाळ्यांच्या गजरात द्यावा.

कार्यकारिणीने या सूचनेचा येत्या सभेत विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.