मताचं वजन
(हाटकेश, मीरा-भाईंदर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



‘कर आपण भरायचा आणि राज्य गावाकडच्या पुढाऱ्यांनी करायचं’, ही तक्रार आपल्या सोसायट्यांत नेहमी कानावर येते. ती कितपत खरी आहे, ते पाहू.

आधी हिशेब. २०२४च्या विधानसभेला मीरा-भाईंदर मतदारसंघात पाच लाखांवर मतदार होते, तर कोकणातल्या ग्रामीण कुडाळमध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास. आमदार दोन्हीकडे एकेकच. म्हणजे कुडाळचं एक मत आपल्या दोन मतांना भारी. मतदारसंघांच्या २००८च्या फेररचनेत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या खऱ्या, पण आधार होता २००१च्या जनगणनेचा. तेव्हा सव्वापाच लाखांच्या आत असलेलं आपलं शहर २०११मध्येच आठ लाखांपुढे गेलं.

तक्रार इथवर रास्त. पण गावाचा दबदबा नुसत्या जागांवर उभा नाही. विकास सोसायटी, बाजार समिती, जिल्हा बँक, कारखाना, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढत तिथला पुढारी वर येतो. उसाला तोड कधी येणार, पीककर्ज का अडलं, याचा जाब त्याला पारावर द्यावा लागतो. आपल्याकडे मात्र ऑगस्ट २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाने कारभार पाहिला. तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवक नव्हता. किती सोसायट्यांनी त्याबद्दल साधा ठराव तरी केला? आपल्यातल्या अनेक चाकरमान्यांचं नाव अजून गावच्याच यादीत आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला गाड्या भरून जातात, कारण तिथे भावकीतली दहा मतंही निकाल फिरवतात. नाव एकाच यादीत ठेवता येतं. जे गावी ठेवतात, त्यांनी इथल्या गटाराबद्दल कुणाला विचारायचं?

आता मत ज्यांवरून बनतं, ती वर्तमानपत्रं. पक्षाची बाजू घेणं हे पाप नव्हे. ‘केसरी’ने बाजू घेतली, तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांच्या ‘दीनमित्र’नेही घेतली, दोघांनी ती उजळ माथ्याने घेतली. प्रश्न आहे तो जाहिरात बातमी म्हणून छापण्याचा. २००९मध्ये भोकरचे उमेदवार, तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीची पानंच्या पानं छापून आली. काही मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा होता, आणि वृत्तपत्रीय जाहिरातींचा दाखवलेला खर्च ५,३७९ रुपये. २०१४मध्ये निवडणूक आयोगाने या खर्चाच्या हिशेबावरून ठपका ठेवला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायदेशीर वाद मिटला, वाचकाचा उरला. आज तसाच मजकूर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, आणि तिथे तर छापणाऱ्याचं नावही नसतं. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: पैसे कोणाचे?

पुन्हा जागांकडे वळू. विधानसभेच्या जागांची संख्या २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. पुढची फेररचना येईल तेव्हा मसुदा प्रसिद्ध होईल, हरकती मागवल्या जातील, जाहीर सुनावण्या होतील. गावाकडचा कार्यकर्ता त्या सुनावणीला नकाशा घेऊन हजर असतो. हाटकेशमधून कोण जाणार, ते आत्ताच ठरवा.