डाळ सुटली, वजन राहिलं



स्वागताध्यक्षानं आपल्या गावाविषयी चार शब्द बोलावेत अशी रीत आहे. ती मी आनंदानं पाळतो, कारण वाढलेलं वजन आणि वाढलेलं युरिक ॲसिड यांचं नातं मला पुस्तकाआधी या गावानं दाखवलं. कोल्हापूर हे तालमींचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभारलं. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण हा इथल्या पहिलवानाचा खुराक. पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्याला तो जिरतो. पुढे कुस्ती सुटते, खुराक मात्र सुटत नाही.

असेच एक पहिलवान पंचेचाळिशीत माझ्याकडे आले. आखाडा सोडून दहा वर्षं झालेली, वजन ९२ वरून ११८ किलोवर. मध्यरात्री पायाचा अंगठा असा ठणकला, की चादरीचा स्पर्शही सोसेना. हा गाऊटचा झटका; रक्तातलं युरिक ॲसिड डेसिलिटरला ९.२ मिलिग्रॅम. मी तेव्हा बहुतेक डॉक्टर सांगतात तेच सांगितलं : मटण बंद, डाळ बंद, पालक बंद. वजनाबद्दल एक शब्द बोललो नाही. त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं. वरण सुटलं, त्या जागी भात वाढला, गोड चहा वाढला, उसाचा रस तर आमच्याकडे पाण्यासारखा. वर्षाच्या आत दुसरा झटका आला. ती चूक माझी होती, आणि या परिषदेचा विषय सुचवताना तीच माझ्या डोळ्यांसमोर होती.

आपल्या शरीरातलं दोन तृतीयांशाच्या आसपास युरिक ॲसिड शरीर स्वतःच, पेशींच्या रोजच्या मोडतोडीतून तयार करतं. ताटातून येणारा वाटा त्या मानानं लहान. ते बाहेर टाकण्याचं मोठं काम मूत्रपिंडाकडे, आणि वजनाचा घाव बसतो तो तिथेच. पोटाभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग रक्तात इन्सुलिन चढं राहतं, आणि त्याच्या प्रभावाखाली मूत्रपिंड गाळलेलं युरिक ॲसिड पुन्हा रक्तात ओढून घेतं. पातळी ६.८ च्या वर राहिली, की सांध्यात त्याचे स्फटिक धरायला जागा तयार. साखरेचा मार्ग वेगळा. तिच्यातलं फ्रुक्टोज यकृतात वापरलं जाताना एटीपी हे पेशींचं इंधन भराभर खर्च होतं, आणि त्याच्या अवशेषांतून युरिक ॲसिड बनतं. गूळ आमच्या गावाचा अभिमान आहे, तरी या हिशेबात तो साखरेच्याच बाजूला बसतो, हे इथे उभं राहून सांगणं मला भाग आहे.

अमेरिकेत आरोग्यसेवेतल्या ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा झाला. २१ ते २२.९ बॉडी मास इंडेक्स असलेल्यांच्या तुलनेत २५ ते २९.९ च्या गटात गाऊटचा धोका जवळपास दुप्पट आढळला, ३५ च्या पुढे सुमारे तिप्पट. साडेचार किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांत तो सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होता. याच लोकांत मांस आणि मासळीनं धोका वाढलेला दिसला. मसूर, वाटाणा, पालक, फ्लॉवर यांनी वाढलेला दिसला नाही. आपण मात्र आजही रुग्णाच्या ताटातली आमटी आधी उचलतो.

चरकसंहितेत गाऊटशी जुळणाऱ्या वातरक्ताच्या वर्णनात सुखासीन, न चालणाऱ्या, गोडधोड खाणाऱ्या माणसांचा उल्लेख आहे. आढ्यवात हे त्याचंच एक नाव, म्हणजे श्रीमंतांचा रोग. आता तो श्रीमंतांचा उरलेला नाही. रिक्षा चालवणारे, दुकानात दिवसभर बसणारे, ट्रकवर महिना काढणारे माझ्या ओपीडीत येतात.

पण वजन उतरवायचं म्हणजे उपास नव्हे. दुसऱ्या झटक्यानंतर मी वजनाचं बोललो, तेव्हा आमच्या पहिलवानांनी पाच दिवस नुसत्या पाण्यावर काढले आणि तिसरा झटका ओढवून घेतला. उपासात चरबी जळताना तयार होणारी कीटोन द्रव्यं मूत्रपिंडात युरिक ॲसिडची वाट अडवतात. मग आम्ही दोघं सावकाश निघालो. रोज रंकाळा तलावाला फेरी, रस बंद, चहा बिनसाखरेचा, वरण आणि ताक परत सुरू, सोबत युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल. दोन वर्षांत अकरा किलो उतरले, युरिक ॲसिड ५.६ वर आलं. औषधाचा वाटा त्यात मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण पट्टा दोन भोकं आत गेला, त्या दिवशी ते तो दाखवायला खास दवाखान्यात आले होते.

येत्या दोन दिवसांत आपण एका प्रश्नावर मनमोकळं बोलावं, अशी माझी विनंती आहे : माणसाला न दुखवता त्याच्या वजनाविषयी बोलायचं कसं? जाड म्हणून हिणवलेला रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि मग पुढचा झटका तो घरीच वेदनाशामक गोळ्यांवर काढतो. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचं काय होतं, ते आपण जाणता.

ते पहिलवान आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. दुपारच्या सत्रात पहिलं बोलणं त्यांचं आहे. त्यांनी आयुष्यात व्यासपीठ पाहिलं ते आखाड्याचं, तेव्हा जेवण आटोपून सर्वांनी वेळेवर सभागृहात यावं. पंगतीत आमटी आहे, ताक आहे.