रापणीच्या दोराला लागलेले हात



मच्छीमार कामगारांच्या या परिषदेत स्वागत समिती सर्वांचे मनापासून स्वागत करते. परिषद मालवणात भरते आहे, हे औचित्याचेच. या किनाऱ्यावर आजही रापण ओढली जाते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर माणसांनी मिळून किनाऱ्याकडे खेचायचे आणि दोराला हात लावणाऱ्याला वाटा द्यायचा, ही इथली जुनी रीत.

शेजारच्या गोव्यात सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत तळ खरवडू लागले आणि रापणी रिकाम्या येऊ लागल्या. तेव्हा रापणकार संघटित झाले. पेशाने शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा त्यांचे नेते होते. पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरमचे पहिले अध्यक्षही तेच झाले. या रेट्यातूनच १९८० मध्ये गोवा आणि केरळात, तर १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले.

केरळातल्या मच्छीमारांनी तर सरकारकडे बंदी मागितली. पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा हंगाम. त्या काळात ट्रॉलर थांबवा, यासाठी त्यांनी उपोषणे केली. १९८८ मध्ये तिथे पावसाळी ट्रॉलबंदी आली.

महाराष्ट्रातही पारंपरिक मच्छीमारांनी माशांचे थवेच्या थवे घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने त्या जाळ्यांवर निर्बंध आले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही रात्री समुद्रात दिवे झगमगतात, ही इथल्या मच्छीमारांची रोजची तक्रार आहे.

या लढ्यांत एक माणूस मात्र मागे राहिला: यांत्रिक नौकेवरचा खलाशी. १ जून ते ३१ जुलै हे इथल्या पावसाळी मासेमारीबंदीचे ६१ दिवस समुद्राला विसावा देतात, पण खलाशाची मिळकत थांबते. त्याच्या हातात बहुधा लेखी करार नसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००७ च्या १८८ क्रमांकाच्या करारात लेखी कामकरार, विश्रांतीचे तास आणि औषधोपचार यांची हमी आहे. २०१७ पासून तो लागू आहे, पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. मासे वाचवण्याचा भार खलाशाने एकट्याने उपाशीपोटी का सोसावा?

म्हणूनच परिषदेचे पहिले सत्र खलाशांसाठी राखले आहे. आधी ते बोलतील; नाखवा, अधिकारी आणि अभ्यासक ऐकतील. बंदीच्या काळातली मदत आणि लेखी करार या दोन मागण्यांचा मसुदा याच मांडवात व्हावा, ही समितीची मनापासूनची इच्छा आहे.  या, बसा.