दान कशाकरिता?
(पळसदरी येथील सभेत झालेले भाषण)

बोरघाटापलीकडील केडगावचे उदाहरण आम्ही आपणांपुढे ठेवितो. पंडिता रमाबाईंनी आपले आईबाप दुष्काळातच गमाविले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवा घेऊन आल्या. भाकर तर दिलीच. पण पुढे मुक्तिसदनात विणकाम, शेती, छापखान्याचे कामही शिकविले. देणगीदारांचा पैसा पोटात जिरून संपला नाही, हातांत उतरला. पौलानेही करिंथकरांस दर आठवड्यास, मिळकतीच्या मानाने, नेमक्या कार्यासाठी बाजूस ठेवावयास सांगितले: यरुशलेमेच्या गरिबांसाठी. (व्यापारी मंडळींस हे नवे नाही, धर्मादाय खाते त्यांच्या वहीत असतेच.) तरी रकमेबरोबर ती धान्याकरिता, वैरणीकरिता की बियाण्याकरिता, हेही लिहून द्यावे. बियाणे मृगापूर्वी पोहोचले पाहिजे.