जळीत कक्ष, पोरं आणि रेशनकार्ड

(जळगाव-धुळे भागातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



जळालेल्या बाईबरोबर सिव्हिलला जायची वेळ आपल्यातल्या बहुतेकींवर आलेली आहे. तिथे आपण डॉक्टरांना शोधतो, पोलिसांना शोधतो, फार तर सिस्टरला गाठतो. त्याच इमारतीत ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी असलेली एक खोली असते. तिकडे आपण जात नाही. ती बिल माफ करून घ्यायची, सही-शिक्क्याची जागा, असा आपला समज. पुष्कळ डॉक्टरांचाही तोच. आणि या समजानेच त्या कामाची माती केली, असं माझं मत आहे.

हे पद कारकुनीसाठी निर्माण झालं नव्हतं. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविकेची पहिली नेमणूक झाली. डॉक्टर रोग बघतात. पण हे माणूस कुठल्या घरातून आलं आणि परत कुठल्या घरात जाणार, हे बघायलाही कुणी हवं, हा त्यामागचा विचार.

जळीत कक्षात हा घराचा प्रश्न सगळ्यात आधी उभा राहतो. केसपेपरवर ‘स्टोव्हचा भडका’ असं लिहिलेलं असतं, सांगणारा नवरा असतो आणि उशाशी सासू बसलेली असते. बाई हूं की चूं करत नाही. तिथे समाजसेविकेचं पहिलं काम म्हणजे त्या माणसांना तिथून हलवणं, तेही भांडण न करता. औषध आणायला पाठवा, झेरॉक्सला पाठवा. दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. आणि मग ‘तुला कुणी जाळलं?’ असं पोलिसी थाटात विचारायचं नाही. ‘काय व्हयनं माय?’ एवढं विचारून थांबायचं. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला अहिराणी बाई ‘हो-नाही’ एवढंच उत्तर देते. सातपुड्यातून आलेली पावरा बाई तेवढंही देत नाही. १९९८ साली नंदुरबार वेगळा होईपर्यंत अक्कलकुवा-धडगावच्या बाईला जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे धुळंच होतं. एवढ्या लांबून आलेल्या बाईला निदान तिच्या बोलीत बोलणारं एक माणूस भेटावं, ही काही मोठी मागणी नाही.

बाई गप्प का राहते? आपण म्हणतो, भीती, संस्कार, नवऱ्याची माया. असेलही. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं: पोरं सासूच्या ताब्यात आहेत. खरं बोलले तर माझ्या पोरांचं काय, हा हिशोब ती त्या वेदनेतही करत असते. म्हणून पोरं माहेरी किंवा सुरक्षित जागी पोचलीत की नाही, हे आधी बघावं लागतं. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यात, कलम २१ खाली, मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. पण तो कोर्टाचा मार्ग झाला. त्या रात्री गावात जाऊन पोरांना आणणं समाजसेविकेला एकटीला जमत नाही. तिथे संघटना हवी.

मृत्युपूर्व जबाबाबद्दल एवढंच सांगते. तो घेताना नातेवाईक बाहेर असायला हवेत. बाई बोलण्याच्या शुद्धीत होती असा डॉक्टरांचा दाखला नाही, एवढ्याच कारणाने जबाब मोडीत निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्पष्ट केलं आहे. तरी दाखला मागून घ्यावाच.

आता कागदांचं. जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात धुळे होता. आता तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे आणि पिवळ्या-केशरी कार्डाची अट गेली आहे. कागद मात्र लागतोच. आणि लग्न झालेल्या बाईचं नाव असतं सासरच्या रेशनकार्डावर. म्हणजे ज्या घरात ती जळाली, त्याच घराच्या फळीवर तिच्या उपचाराचा कागद! तो द्यायचा की नाही, दिला तर कुठल्या अटीवर, हे सासरा ठरवणार. हा कागद सोडवून आणणं याला कुणी कारकुनी म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

आणि व्हरांड्यात बसलेली तिची आई. बाप सालदार, त्याला शेटकडून आठ दिवसांची रजा नाही. आई एकटी, तिला जेवणाचे वांधे, आणि मनात एकच: बरी झाली तर हिला नेऊ कुठे? तिच्याशी बोलत राहणं हाही उपचाराचाच भाग आहे. कारण भाजलेल्या मानेचे, कोपराचे व्यायाम महिनोन्‌महिने करून घेतले नाहीत तर कातडी आखडते, हनुवटी छातीला चिकटते. ‘डिस्चार्ज’ लिहून ते काम संपत नाही.

हे होऊ शकतं. मुंबईत महापालिका आणि ‘सेहत’ यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढलं. तिथे रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना शिकवून तयार केलं. केंद्र सरकारची सखी केंद्रं २०१५ नंतर आली. पण खाटेपाशी पहिल्या दिवशी पोचते ती दवाखान्यातलीच बाई. तिला दिवसभर फॉर्मांत बुडवून ठेवलं तर ती पोचणार कधी? हे आपण अधिष्ठात्यांना लेखी विचारायला हवं, धुळ्यात आणि जळगावातही.

तोवर एक करू या. यावल, चोपडा, शिरपूरच्या मैत्रिणींनी पावरी, भिली बोलणाऱ्या दोघी-तिघींची नावं त्या खोलीत देऊन ठेवावीत. रात्री-अपरात्री निरोप आला तर उठून जाणाऱ्यांचीच द्या.