फोटोवर बोलताना

हौशी फोटोग्राफर एकत्र जमले की दाखवलेल्या फोटोला बहुधा ‘मस्त!’ एवढीच दाद मिळते. तिने मन सुखावतं, पण शिकायला काही मिळत नाही. पांढऱ्या सदऱ्यावरचा तपशील उडालाय, नजर चेहऱ्याआधी मागच्या विजेच्या तारांकडे जाते, असं नेमकं सांगितलं तर पुढचा फोटो सुधारतो. पूर्ण उडालेला तपशील नंतर परत आणता येत नाही, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, जागेवरच पाहावा. फाइलचा प्रकारही महत्त्वाचा: जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पातळ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सांजेचं आकाश सुधारताना हा फरक दिसतो.

खरा वाद पेटतो तो संपादनावरून, आणि तो जुना आहे. फेब्रुवारी १९८२च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले होते; आडवा फोटो उभ्या चौकटीत बसावा म्हणून. त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. उजेड, कॉन्ट्रास्ट सुधारणं वेगळं आणि वस्तू हलवणं वेगळं. कलाकृती म्हणून तेही जरूर करावं, पण सांगून. फोटो दाखवताना मूळ फाइल सोबत ठेवा, आणि मत देताना त्याचं कारणही द्या.