परातीवर वाजणारं गुरुत्वाकर्षण

गुरुत्वाकर्षणाचा प्रयोग म्हटलं की मुलं डोळे ताणून बघत राहतात आणि तिथंच फसगत होते. हातातून सुटलेली वस्तू दीड मीटर खाली यायला अर्ध्या सेकंदाहून जरासाच जास्त वेळ लागतो. एवढ्यात तिचा वेग वाढला की तसाच राहिला, हे डोळ्याला काय कळणार? कानाला मात्र कळतं. आजचं साधन रेडिओला साजेसं आहे. ते बघायचं कमी, ऐकायचं जास्त.

सामान फुटकळ. चार-साडेचार मीटर सुतळी, हार्डवेअरच्या दुकानातले दहा नट, मोजायची टेप आणि स्वयंपाकघरातली स्टीलची परात. ताणली जाणारी दोरी नको. हातातून सुटताच ती आखडते आणि नटांमधली अंतरं बिघडतात.

सुतळीचे दोन सारखे तुकडे करावेत. पहिल्याच्या टोकाला एक नट बांधावा आणि तिथून वर ४०, ८०, १२० आणि १६० सेंटिमीटरवर एकेक. दुसऱ्या तुकड्यातही टोकाला एक नट, पण पुढचे १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर. परात जमिनीवर उलटी ठेवून एका कडेखाली विटेचा लहानसा तुकडा सरकवावा, म्हणजे पडलेला नट उतारावरून घसरून जातो. नाहीतर उड्या मारत तो खडखडाट करतो आणि कोणता आवाज खरा ते समजेनासं होतं. मग घरातल्या मोठ्या माणसानं स्टुलावर उभं राहून सुतळी अशी धरावी की खालचा नट परातीला जेमतेम टेकेल. हेलकावे थांबू द्यावेत. सुतळी टाकायची नाही, ढकलायची नाही, फक्त चिमूट सोडायची.

पहिली सुतळी ऐकताना पहिल्या आवाजानंतरचे आवाज एकमेकांच्या अंगावर धावून येतात. नट सारख्या अंतरावर असूनही लय चढत जाते, कारण वरचे नट परातीपाशी पोहोचेपर्यंत सगळ्या सुतळीचा वेग वाढलेला असतो. दुसरी सुतळी सोडली की मात्र ठण्‌ ठण्‌ ठण्‌ ठण्‌, तबलजीनं मोजून मारल्यासारखे चार ठोके. दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा सुमारे सातवा भाग. या सुतळीतल्या नटांमधली अंतरं पाहावीत: १०, ३०, ५०, ७०. म्हणजे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात. तेवढ्याच वेळात पडणारी वस्तू दर खेपेला इतकं जास्त अंतर कापते.

हे प्रमाण गॅलिलिओनं शोधलं, तेही घड्याळात सेकंदाचा काटा नसताना. सरळ पडणं फार झटपट उरकतं, म्हणून त्यानं लांब तुळईला खोबण पाडली, तिला उतार दिला आणि खोबणीतून काशाची गोळी सोडली. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेनं गळणारं पाणी तोलून पाहिलं. १६३८ साली लायडनला छापलेल्या पुस्तकात त्यानं ही हकीकत दिली आहे. मात्र विज्ञानाचे इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७० च्या दशकात गॅलिलिओची जुनी टिपणं तपासून वेगळाच तर्क मांडला. उतारावर तातीचे तुकडे आडवे बांधून, गोळीचा खटका लयीत पडेपर्यंत गॅलिलिओ ते पुढेमागे सरकवत असावा. गॅलिलिओचे वडील ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत. लय घरातच होती, त्यामुळे हा तर्क पटतो. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात असा एक उतार आहे. तो पुढच्या काळात बनवलेला असून त्यावर ठिकठिकाणी घंटा लावल्या आहेत.

चिकित्सक मुलांनी एकदोन नट मुद्दाम मोठे बांधून बघावेत. आवाज जाड होतो, पण ठोका जागचा हलत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पहिल्या ठोक्यापासून चौथ्यापर्यंतचा वेळ काढावा आणि त्याला ३ नं भागावं. आलेल्या उत्तराच्या वर्गानं ०.२ ला भागलं की ९.८ च्या आसपासचा आकडा मिळतो. हेच पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात.

ताणलेल्या चादरीवर मधोमध जड गोळा ठेवून भोवती गोट्या फिरवून गुरुत्वाकर्षण समजावण्याचं मॉडेल शाळांच्या प्रदर्शनात हमखास दिसतं. दिसायला छान, पण ती गोटी खळग्याकडे ओढतं कोण? चादरीखालच्या पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच! जे समजावून सांगायचं तेच त्यात आधी गृहीत धरलेलं असतं. सुतळीत ही पळवाट नाही.

२ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही बरोबरच खाली पोहोचली. त्यांनी आपली दुसरी सुतळी नेली असती तर? ठोके तिथंही समान अंतरानंच पडले असते, फक्त लय सुमारे अडीच पट संथ, सेकंदाला जेमतेम तीन. अडचण एकच. तिथं हवा नाही, त्यामुळे आवाज कानापर्यंत येणार नाही. परातीच्या कडेवर हात ठेवून ते ठोके मोजावे लागले असते.